फादर कॅलहनचा क्रूस

धर्मगुरूने रक्तपिपासू पिशाचाच्या कादंबरीवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. काहींना ते अप्रशस्तही वाटेल. तथापि जी कथा आपल्या घरातील तरुण मुले रात्री दिवे मालवून, पांघरुणातून एक डोळा बाहेर काढून पाहतात, तिच्याकडे वडीलधाऱ्यांनी नाक मुरडून पाहिल्याने काहीच साधत नाही. शिवाय या विशिष्ट कथेच्या मध्यभागी एक कॅथोलिक धर्मगुरू उभा आहे आणि त्याच्या हातात क्रूस आहे. त्या क्रूसाचे पुढे काय होते हे कादंबरी एका प्रकारे सांगते आणि दूरचित्रवाणीची मालिका दुसऱ्या प्रकारे सांगते. या दोन सांगण्यांतील अंतर हा केवळ कलेचा विषय नाही. पवित्र वस्तूचे सामर्थ्य नेमके कोठे वसते, हा आपल्या प्रत्येकाच्या उंबरठ्यावरचा प्रश्न त्या अंतरात दडलेला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

कथा आणि तिचा मराठी प्रवास

मराठी वाचकाला भयकथेची गोडी लावली ती प्रामुख्याने नारायण धारप यांनी. १९२५ साली जन्मलेल्या आणि २००८ साली निवर्तलेल्या या लेखकाची पुस्तके गावोगावच्या वाचनालयांतून वर्षानुवर्षे हातोहात फिरली. त्यांच्या 'लुचाई' या कादंबरीचे मूळ स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या 'सेलम्स लॉट' या १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत आहे. म्हणजे ज्यांनी इंग्रजी पुस्तक हातात धरलेले नाही, अशा अनेक मराठी वाचकांना ही कथा दुरून का होईना परिचित आहे. धारपांच्या लेखनालाही पुढे छोटा पडदा लाभला. २०१८ साली झी मराठी वाहिनीवर दाखविलेली 'ग्रहण' ही मालिका त्यांच्या त्याच नावाच्या कादंबरीवर आधारलेली होती. परंतु प्रस्तुत लेखाचा विषय किंग यांची मूळ कादंबरी आणि तिच्यावरून अमेरिकेत झालेल्या दोन मालिका हा आहे. पहिली टोब हूपर यांनी दिग्दर्शित केली आणि १९७९ सालच्या नोव्हेंबर महिन्यात ती दोन भागांत दाखविली गेली. दुसरी २००४ साली आली.

कथा थोडक्यात अशी. अमेरिकेच्या ईशान्य कोपऱ्यातील मेन या राज्यात जेरुसलेम्स लॉट नावाचे लहानसे गाव आहे. गावाचे नाव यरुशलेमवरून पडलेले दिसते. पण ते पवित्र नगरीचे नव्हे, तर कोणे एके काळी तेथे मोकाट सुटलेल्या एका डुकराचे नाव होते, असे किंग सांगतात. या गावातील एक पडका वाडा बार्लो नावाचा परदेशी गृहस्थ आपल्या स्ट्रेकर या सहकाऱ्याकरवी विकत घेतो. बार्लो हा रक्तपिपासू आहे. तो ज्याचे रक्त पितो तोही मरून पुन्हा उठतो आणि आपल्या आप्तांच्या खिडकीशी येऊन उभा राहतो. बघता बघता गाव ओस पडते. बेन मिअर्स हा लेखक, मार्क पेट्री हा शाळकरी मुलगा, एक वृद्ध शिक्षक, एक डॉक्टर आणि गावातील कॅथोलिक धर्मगुरू फादर कॅलहन असे मोजके लोक त्याच्याशी झुंजण्यास उभे राहतात.

तीन क्रूस

कादंबरीत क्रूस अनेकदा येतो. त्यातील तीन प्रसंग एकापुढे एक ठेवून पाहावेत.

पहिला क्रूस मार्क पेट्रीचा. त्याचा मेलेला मित्र रात्री खिडकीबाहेर येऊन आत घेण्याची विनवणी करतो. मार्कच्या टेबलावर भुताखेतांच्या खेळण्यांचा एक संच मांडलेला आहे. त्या संचातील स्मशानभूमीवरचा प्लॅस्टिकचा क्रूस तो उपटतो आणि पुढे धरतो. त्या क्रूसावर कोणी आशीर्वाद उच्चारलेला नाही, तो दुकानात विकत मिळालेला आहे. आणि तरीही पिशाच मागे हटते.

दुसरा क्रूस बेन मिअर्सचा. शवागारात चादरीखालचे प्रेत हलू लागते, तेव्हा हा लेखक डॉक्टर लोक घसा तपासताना जीभ दाबण्यासाठी जी लाकडी पट्टी वापरतात, तशा दोन पट्ट्या चिकटपट्टीने एकमेकींना बांधतो आणि त्यांचा क्रूस करतो. बेन काही धर्मनिष्ठ म्हणून प्रसिद्ध नाही. तरीही त्या पट्ट्या उजळतात.

तिसरा क्रूस फादर कॅलहन यांचा. मार्कच्या आईवडिलांना सावध करण्यासाठी फादर त्याच्यासह त्यांच्या घरी गेले असता बार्लो स्वयंपाकघराची खिडकी फोडून आत येतो, आईवडिलांना ठार करतो आणि मुलाला पकडतो. फादर क्रूस उंचावतात. क्रूस प्रखर तेजाने झळाळतो आणि बार्लो थबकतो. तेव्हा तो एक सौदा मांडतो. मुलाला मी सोडतो, तू क्रूस टाकून दे, मग तुझी श्रद्धा आणि माझी श्रद्धा समोरासमोर येऊ दे. फादर होकार देतात. बार्लो आपला शब्द पाळतो, मुलगा सुटतो आणि पळून जातो. आता क्रूस टाकण्याची पाळी फादरांची. त्यांचा हात सैल होत नाही. ते क्रूसाला घट्ट धरून राहतात आणि जसजसे घट्ट धरतात तसतसे त्याचे तेज मंदावते. शेवटी ते नुसते लाकूड उरते. बार्लो ते त्यांच्या हातातून सहज काढून घेतो आणि त्यांना आपले रक्त प्यायला लावतो.

त्यानंतरचा प्रसंग अधिक हेलावणारा आहे. फादर कॅलहन आपल्या चर्चकडे धाव घेतात. दाराच्या कडीला हात लावताच ठिणगी उडते, हात भाजतो आणि ते दूर फेकले जातात. ज्या दारातून त्यांनी शेकडो लोकांना आत घेतले, ते दार त्यांना आत घेत नाही. रात्रीच्या बसचे तिकीट काढून ते गाव सोडून निघून जातात. कोणी त्यांचा पाठलाग करीत नाही आणि कोणी त्यांना परत बोलावीतही नाही.

खेळण्यातला क्रूस चालतो, दवाखान्यातल्या पट्ट्या चालतात आणि धर्मगुरूच्या हातातला क्रूस मात्र विझतो! या विसंगतीतच कादंबरीचे खरे रहस्य आहे. रक्तपिपासू कोण, हे रहस्य तर पुस्तकाच्या मध्यावरच उलगडलेले असते.

पडद्यावर काय उरते

१९७९ सालच्या मालिकेत हाच स्वयंपाकघरातला प्रसंग आहे. पण तेथे बार्लो बोलतच नाही. कादंबरीतील बार्लो हा सुसंस्कृत, मृदुभाषी, वाक्चतुर गृहस्थ आहे. मालिकेत तो निळसर कातडीचा, टक्कल पडलेला, उंदरासारख्या दातांचा मुका राक्षस झाला आहे. त्याच्या वतीने स्ट्रेकर बोलतो. ती भूमिका जेम्स मेसन या थोर नटाने केलेली असल्यामुळे ते बोलणे कानाला छान लागते. क्रूस टाकण्याचे आव्हान तेथेही दिले जाते. पण सारे काही क्षणांत आटोपते. फादरांच्या मनात काय उलथापालथ झाली, त्यांनी क्रूस का सोडला नाही, त्याचे तेज का गेले, यातले काही प्रेक्षकाला कळत नाही. चर्चचे दार नाही, भाजलेला हात नाही, रात्रीची बसही नाही. फादर कॅलहन कथेतून जणू पुसले जातात. पाहणाऱ्याच्या मनावर एवढेच ठसते की राक्षस फार बलाढ्य होता आणि क्रूस त्याला पुरा पडला नाही.

२००४ सालच्या मालिकेने याच्या उलट टोक गाठले. तिच्यात फादरांची भूमिका जेम्स क्रॉमवेल यांनी केली आहे. तेथे बार्लोचे रक्त प्यायलेले फादर त्याचे दास बनतात आणि आपल्याच सहकाऱ्यांवर उलटतात. कादंबरीने ज्या माणसाला लज्जेने मान खाली घालून जाऊ दिले, त्याला या मालिकेने खलनायक केले. कादंबरीतील फादर पडतात, पण शत्रूचे होत नाहीत. त्यांना परतीची वाट शिल्लक राहते. पुढे अनेक वर्षांनी त्यांच्या निर्मात्याने त्यांना त्या वाटेवर खरोखरच आणले. ते आपण नंतर पाहू.

यात मालिका करणाऱ्यांचा सारा दोष आहे असे म्हणता येत नाही. कॅमेऱ्याला क्रूस दिसतो, श्रद्धा दिसत नाही. लेखक एका वाक्यात माणसाच्या अंतःकरणात उतरतो. कॅमेऱ्याला चेहऱ्यापाशी थांबावे लागते. म्हणून पडद्यावरील क्रूस हळूहळू हत्यार बनतो. बंदुकीत जशी गोळी, तसा क्रूसात प्रकाश. हत्यार चालले तर नायक जिंकला, न चालले तर हरला. हत्याराला आपण कोणते प्रश्न विचारतो? किती शक्तीचे, किती लांब पोहोचते, एवढेच. ते धरणाऱ्याचे जीवन कसे आहे, हे कोणी विचारीत नाही.

लहान पापांचे गाव

फादर कॅलहन यांचा क्रूस का विझला, याचे उत्तर कादंबरीने बऱ्याच आधी देऊन ठेवले आहे. पन्नाशी ओलांडलेला हा धर्मगुरू मनाने थकलेला आहे. त्याला मद्याचा आधार लागतो. त्याची एक सुप्त आकांक्षा आहे. त्याला एका महायुद्धात लढायचे आहे. सैतान उघड रूप घेऊन समोर यावा आणि आपण ख्रिस्तसभेचा सैनिक म्हणून त्याच्यावर चालून जावे, असे त्याला वाटते. प्रत्यक्षात पापनिवेदनाच्या जाळीतून त्याच्या कानावर येतात ती रोजची, क्षुद्र, कंटाळवाणी पापे. कोणी पत्नीला मारले, कोणी शेजाऱ्याला फसविले. या लहान पापांचा त्याला वीट आला आहे. ही खरी लढाई नव्हे, असे त्याच्या मनाने घेतले आहे. आणि जेव्हा मोठा शत्रू खरोखर दारात येतो, तेव्हा लहान लढायांत न कमावलेले बळ त्याच्यापाशी नसते.

समस्त धर्मगुरूंनी, आणि समस्त आईबापांनीही, या पात्राकडे आरसा म्हणून पाहावे असे मला वाटते.

कादंबरीत गावाच्या या लहान पापांवर पानेच्या पाने खर्ची पडली आहेत. एक तरुण आई रडणाऱ्या तान्ह्या बाळाला मारते. जमिनीचा एक दलाल स्ट्रेकरशी व्यवहार करतो. मोबदल्यात त्याला दुसरीकडची इतकी मोलाची जमीन मिळते की सौदा सरळ नसावा हे त्याच्या ध्यानात येते, आणि तरीही तो काही विचारीत नाही. मालिकेत या दलालाचा एका विवाहितेशी संबंध रंगविला आहे, कारण व्यभिचार पडद्यावर चटकन दिसतो. न विचारलेला प्रश्न पडद्यावर दिसत नाही. पण गावाचा घात त्या न विचारलेल्या प्रश्नाने केला. रांजणगाव आणि कुरकुंभ येथे औद्योगिक वसाहती झाल्यापासून आपल्या शिरूर-दौंड भागात जमिनीला जे मोल आले आहे, ते पाहता या दलालाची गोष्ट आपणांस परदेशी वाटण्याचे कारण नाही. सातबाऱ्यावरच्या नावासाठी सख्खे भाऊ एकमेकांच्या अंत्यविधीलाही येईनासे होतात, हे आपण पाहतोच.

रक्तपिपासूच्या कथांत एक जुना नियम आहे. आतल्या माणसाने बोलावल्याशिवाय तो घरात येऊ शकत नाही. घोड आणि भीमा या नद्यांच्या काठच्या उसात आज बिबट्याचे भय आहे आणि ते खरे भय आहे. सायंकाळनंतर मुलांना एकटे सोडू नये, बॅटरी व काठी घेऊन दोघातिघांनी मिळून निघावे, हे आपण शिकलो आहोत. पण बिबट्या न बोलावता येतो. आत्म्याचा घात करणारे मात्र बहुधा आपल्या हातानेच दार उघडल्यावर येते, आणि येताना ते दात दाखवीत येत नाही. ते कादंबरीतील बार्लोसारखे सभ्य असते, गोड बोलते, फायद्याचा व्यवहार मांडते. मोबाइलवरच्या जुगारात पहिल्या दिवशी जिंकलेले शे-दोनशे रुपये असेच गोड बोलतात. मालिकेतील मुक्या राक्षसाला पाहून आपली मुले किंचाळतील, पण बोलक्या बार्लोला ओळखायला ती शिकणार नाहीत. दुष्टतेला विद्रूप चेहरा दिला की आपण निर्धास्त होतो. आपला चेहरा तर तसा नसतो!

आपल्या चौकटीवरील क्रूस

आता आपल्या घरांकडे वळू. घरांना आशीर्वाद देण्यासाठी वस्त्यांवर फिरताना दाराच्या चौकटीवर क्रूस दिसतो आणि मन प्रसन्न होते. पण कित्येकदा त्याच चौकटीच्या दुसऱ्या खिळ्याला लिंबूमिरची किंवा काळी बाहुली टांगलेली असते. लहानग्याच्या गळ्यात पवित्र मरियेचे पदक असते आणि मनगटावर काळा दोरा. याविषयी विचारले असता एका वृद्ध माउलीने सरळपणाने सांगितले, "फादर, दोन्ही असलेलं बरं. कुठलं तरी लागू पडेल." तिच्या बोलण्यात लबाडी नव्हती. नातवाच्या तापाने घाबरलेले आजीचे मन होते. पण त्या एका वाक्यात सारी अडचण आली आहे. क्रूस आणि लिंबू एका रांगेत बसले की क्रूस लिंबाच्या जातीचा होतो. तोही मग एक तोडगाच.

अंधश्रद्धेच्या नावाखाली लोकांना नाडणाऱ्यांना आवर घालण्यासाठी महाराष्ट्राने २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा केला. तो आवश्यकच होता. परंतु भोंदू माणसाला कायदा पकडू शकतो. माझ्या स्वतःच्या हातातला क्रूस जेव्हा माझ्याच मनात तोडगा बनतो, तेव्हा कोणताही पोलीस तेथे पोहोचत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने हे स्पष्ट केले आहे. प्रार्थना किंवा पवित्र चिन्ह यांचे बळ केवळ बाह्य कृतीत आहे असे मानून अंतःकरणाची वृत्ती बाजूला ठेवणे, हीसुद्धा अंधश्रद्धाच होय. म्हणजे अंधश्रद्धा केवळ दुसऱ्याच्या देवळात वा दुसऱ्याच्या वस्तीत नसते. ती जपमाळेच्या मण्यांतूनही सरकत येऊ शकते.

पवित्र शास्त्रात याची उदाहरणे आहेत. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथात इस्राएल लोक पलिष्ट्यांकडून एकदा पराभूत होतात, तेव्हा पश्चात्ताप करण्याऐवजी ते कराराचा कोश रणांगणात आणतात. कोश आला की विजय ठरलेला, असा त्यांचा हिशेब होता. त्या दिवशी त्यांचा आणखी मोठा पराभव झाला आणि कोशही शत्रूच्या हाती गेला. मोशेने देवाच्या आज्ञेवरून उभारलेल्या पितळी सर्पाची लोक पुढे पूजा करू लागले, तेव्हा हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. आणि प्रेषितांच्या कृत्यांतील स्किवाच्या सात मुलांची कथा तर फादर कॅलहनच्या प्रसंगाची जणू पूर्वावृत्तीच आहे. पौल येशूच्या नावाने भुते काढतो हे पाहून या मुलांनी ते नाव मंत्रासारखे उच्चारून पाहिले. तेव्हा दुष्टात्म्याने, येशूला आणि पौलाला आपण ओळखतो पण तुम्ही कोण, अशा अर्थाचा प्रश्न केला आणि त्यांना जखमी करून उघडेनागडे पळवून लावले. नाव तेच होते. त्या नावाशी त्यांचा संबंध नव्हता.

याच दृष्टीने ब्रॅम स्टोकर यांच्या 'ड्रॅक्युला' या १८९७ सालच्या, सर्व रक्तपिपासूंच्या कथांत अग्रगण्य ठरलेल्या कादंबरीकडे पाहावे. तिच्या आरंभी एक वृद्ध स्त्री इंग्रज प्रवाशाच्या गळ्यात आपली जपमाळ घालते. अशा वस्तूंकडे मूर्तिपूजा म्हणून पाहण्याची शिकवण मिळालेला तो प्रॉटेस्टंट तरुण अवघडून जातो, पण तिची माया पाहून ती काढीत नाही. हा प्रसंग सुंदर आहे, कारण तेथे पवित्र वस्तूबरोबर एका माणसाचे प्रेमही दिले जाते. पण पुढे त्याच कादंबरीत प्राध्यापक व्हॅन हेल्सिंग पवित्र ख्रिस्तप्रसादाचा चुरा करून तो लांबीसारखा थडग्याच्या फटींत भरतो. तसे करण्याची आपणांस धार्मिक मुभा आहे असेही तो सांगतो. अशी मुभा ख्रिस्तसभा कोणालाही देत नाही. प्रभूचे शरीर भोजनासाठी दिले आहे, फटी बुजविण्यासाठी नव्हे. श्रद्धा आणि जादू यांच्यातील सीमारेषा कोठून जाते, हे या एकाच कादंबरीतील दोन प्रसंगांवरून समजावे.

बार्लोचे अर्धसत्य

येथवर आपण किंग यांच्या कादंबरीची बाजू घेतली. पण तिच्यातील बार्लोचे सारे म्हणणे आपण स्वीकारावे काय? विजयाच्या क्षणी तो फादरांना व्याख्यानच देतो. श्रद्धेवाचून क्रूस म्हणजे लाकूड, भाकर म्हणजे भाजलेला गहू, द्राक्षारस म्हणजे आंबलेली द्राक्षे, असा त्याचा आशय आहे. ऐकायला हे खरे वाटते. अर्धे खरेही आहे. आणि अर्धसत्यासारखा कुशल रक्तपिपासू दुसरा नाही.

क्रूस, पवित्र पाणी, पदक, जपमाळ ही आशीर्वादित चिन्हे आहेत. ख्रिस्तसभेच्या प्रार्थनेने ती आपले मन कृपेसाठी तयार करतात. मनच बंद असेल तर ती आपल्यापुरती मुकी राहतात. त्यांच्यापुरते बार्लोचे म्हणणे सत्याच्या जवळ जाते. परंतु सात संस्कारांचे तसे नाही. तेथे कर्ता स्वतः ख्रिस्त आहे. चौथ्या-पाचव्या शतकांत उत्तर आफ्रिकेतील डोनाटसपंथी लोक म्हणू लागले की अपात्र धर्मगुरूने दिलेला स्नानसंस्कार व्यर्थ होय. त्यावर संत ऑगस्टीन यांनी ठामपणे शिकविले की धर्मगुरू कोणीही असो, स्नानसंस्कार देणारा ख्रिस्तच असतो. आपल्या धर्मग्रामातील साध्या माणसाला यात केवढा दिलासा आहे! वेदीजवळ उभ्या असलेल्या धर्मगुरूची श्रद्धा त्या सकाळी मंदावलेली असेल, तो थकलेला असेल, पापीही असेल. म्हणून भाविकांच्या जिभेवरचा ख्रिस्तप्रसाद नुसता गहू राहत नाही. फादर कॅलहन यांचा क्रूस विझू शकतो. त्यांनी अर्पण केलेला मिस्सा विझत नाही.

दुसरे असे की क्रूस टाकून दे, म्हणजे तुझी श्रद्धा खरी ठरेल, ही अट घातली कोणी? शत्रूने. फादरांची पहिली चूक त्यांनी क्रूस टाकला नाही ही नव्हती. श्रद्धेची परीक्षा घेण्याचा अधिकार त्यांनी बार्लोला दिला, येथे चूक झाली. आपल्याही वस्त्यांवर अधूनमधून कोणी येऊन सांगतात की क्रूस, मूर्ती, जपमाळा टाकून द्या, त्याशिवाय तुमचा विश्वास खरा नाही. सांगणारे बहुधा प्रामाणिक ख्रिस्ती बांधव असतात. त्यांची बार्लोशी तुलना करणे अन्यायाचे होईल. लिंबाशेजारी टांगलेला क्रूस पाहून त्यांना जे खटकते ते आपल्यालाही खटकावे. पण उपाय म्हणून क्रूसच काढायचा हे तर्काला धरून नाही. माणूस देहधारी आहे. आईच्या मृत्यूनंतर तिचे लुगडे जपून ठेवणाऱ्या मुलीला कोणी म्हणेल काय की ते फेक, म्हणजे तुझे प्रेम खरे? रक्तस्रावाने बारा वर्षे पीडलेल्या स्त्रीने प्रभूच्या वस्त्राला स्पर्श केला. प्रभूने तिला वस्त्रावरून हटकले नाही. त्याने तिच्या विश्वासाचे नाव घेतले आणि तिला शांतीने पाठविले. गर्दीत त्याला धक्का लागलेले पुष्कळ होते. स्पर्श तिने केला.

याचे उत्तर शेवटी किंग यांनाही सापडले असावे. जवळजवळ तीस वर्षांनंतर, २००३ आणि २००४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या 'डार्क टॉवर' या मालिकेतील कादंबऱ्यांत त्यांनी फादर कॅलहन यांना परत आणले. बसने निघून गेलेला हा मनुष्य दारूत बुडाला, सावरला, निराश्रितांची सेवा करू लागला आणि एका दूरच्या खेड्यात पुन्हा लोकांचा फादर झाला. अखेरीस रक्तपिपासूंच्या घोळक्यासमोर तो पुन्हा उभा राहतो आणि त्याला पुन्हा तेच आव्हान मिळते. या वेळी तो क्रूस टाकीत नाही आणि त्याला कवटाळूनही बसत नाही. तुमच्यासारख्यांच्या आव्हानावर मी माझी श्रद्धा पणाला लावणार नाही, जुन्या मित्राला फेकणारही नाही, अशा आशयाचे बोलून तो क्रूस शांतपणे आपल्या सदऱ्याच्या आत सरकवितो. हात रिकामे होतात, पण तेज कमी होत नाही. त्या लढाईत लेखकाने त्याला जो अंत दिला आहे त्याच्याशी आपले एकमत होणार नाही. पण क्रूस सदऱ्याच्या आत, छातीशी ठेवणाऱ्या त्या हाताशी मात्र होईल. मधल्या वर्षांत त्याने लहान लढाया लढल्या होत्या. पूर्वी ज्यांचा वीट आला होता त्या माणसांना भाकर वाढली होती.

दोन्ही मालिकांना हा परतीचा प्रवास दाखविता आला नाही. एकीने त्याला पुसले, दुसरीने त्याला कायमचा दोषी ठरविले. पडलेल्या माणसाविषयी आपणही बहुधा हेच दोन मार्ग अवलंबितो. कोणाचा मुलगा दारूला लागला, कोणाची मुलगी रागाने घर सोडून गेली, कोणी वर्षानुवर्षे चर्चची पायरी चढला नाही, की त्याचे नाव घेणे आपण थांबवितो किंवा त्याला खलनायक करून टाकतो. चर्चच्या दाराने हात भाजला असे मानून दूर राहिलेली माणसे शिरूरमध्ये आहेत, दौंडच्या रेल्वेच्या चाळींतही आहेत. कादंबरीतील दार पिशाचाच्या रक्ताने डागाळलेल्या माणसाला दूर फेकते; खरे दार तसे करीत नाही. पापनिवेदनाची जाळी नेमकी अशाच माणसांसाठी आहे. ज्याने आपल्या मुलासाठी येशूपाशी याचना करताना माझा विश्वास आहे आणि माझ्या अविश्वासाला साहाय्य कर असे एका दमात म्हटले, त्या बापाला प्रभूने परत पाठविले नाही.

तेव्हा मुलांनी अशा मालिका पाहाव्यात की नाही, या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक घराने मुलाचे वय पाहून द्यावे. पण पाहिल्याच, तर दुसऱ्या दिवशी जेवताना त्यांना एक प्रश्न जरूर विचारावा: त्या माणसाच्या हातातला क्रूस का चालला नाही? मुले काय उत्तर देतात ते ऐकावे. त्यानंतर आपल्या चौकटीवरील क्रूस खाली घ्यावा, त्यावरची वर्षाची धूळ पुसावी, शेजारचे लिंबू काढून टाकावे, आणि तो परत लावण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी मिळून एकदा प्रार्थना करावी. ज्या भावाशी जमिनीवरून बोलणे बंद आहे त्याचे नाव त्या प्रार्थनेत असावे.